जादूगार शेवट आधी का सांगत नाही

पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधी कधीही सांगू नये, हा दंडक जादूच्या पुस्तकांत जवळपास दीडशे वर्षं छापला जातो आहे. १८७६ साली लंडनमध्ये ‘मॉडर्न मॅजिक’ नावाचं जाडजूड पुस्तक निघालं. ‘प्रोफेसर हॉफमन’ या टोपणनावाने ते लिहिणारा अँजेलो लुईस पेशाने वकील होता, आणि शिकाऊ जादूगारासाठी त्याने घालून दिलेला पहिलाच नियम हा होता. एका संध्याकाळी तोच खेळ दोनदा करू नये, हा नियम त्याला लागूनच येतो. पुढे जादूगार हॉवर्ड थर्स्टनच्या नावावर जे नियम प्रसिद्ध झाले, त्यांतही हे दोन्ही आहेत. या नियमाचं कारण बहुतेकांना उघड वाटतं. आधी सांगितलं तर गंमत जाईल, मग लोक टाळ्या कशाला वाजवतील? हे खोटं नाही, पण अपुरं आहे. नुसती गंमत टिकवायची असती तर हा नियम शोभेचा ठरला असता आणि चांगल्या जादूगाराने तो सहज मोडला असता. खरं कारण अधिक खोल आहे. शेवट माहीत असलेला माणूस प्रेक्षक राहत नाही, तो तपासनीस होतो. काय घडायला हवं हे कळलं की कुठे पाहायचं, कधी पाहायचं आणि कशाला फसलं म्हणायचं हे ठरवणं त्याच्या हातात येतं. जादूगार शेवट झाकतो तो ही तपासणी सुरूच होऊ नये म्हणून. या दृष्टीने पाहिलं तर हा प्रश्न जादूच्या तंबूपुरता राहत नाही, आणि म्हणूनच त्याचा नीट आढावा घ्यायला हवा.

जादू आपल्याकडे कोणत्या परिस्थितीत पाहिली जाते, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी आणि दोन्हींची नगरपरिषद एकच. अशा गावांत जादूचा खेळ होतो तो शाळेच्या हॉलात, गणपतीच्या मंडपात, नाहीतर जत्रेतल्या तंबूत. रायगड जिल्ह्यात चौल-भोवाळ्याची दत्तजयंतीची जत्रा आहे, महाडच्या विरेश्वराचा छबिना आहे, आणि पाळण्यांच्या नि खेळण्यांच्या गर्दीत अशा खेळांना जागा मिळत आली आहे. पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी, म्हणजे रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) यांनी, जादू ही तिकीट काढून पाहायची रंगमंचावरची कला म्हणून मराठी माणसाच्या ओळखीची केली. विजय रघुवीर आणि जितेंद्र रघुवीर यांनी ती पुढे चालवली. मोठ्या रंगमंचावर पडदे असतात, प्रकाशयोजना असते, प्रेक्षक समोर एकाच बाजूला असतात. मंडपात यातलं काहीच नसतं. पोरं पायाशी येऊन बसतात, बाजूने माणसं वाकून बघतात, आणि मागच्या दोरीवर कोणीतरी चढलेलं असतं. अशा जागी हाताची सफाई कितीही असली तरी चारी बाजूंच्या नजरा एकाच वेळी एकाच बोटावर आल्या तर ती उघडी पडते. त्या नजरा विखुरलेल्या ठेवायला जादूगाराकडे शेवट न सांगण्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं साधन नाही.

एक साधा प्रसंग जवळून पाहू. टेबलावर एक नाणं आणि एक किल्ली आहे. पुढच्या कामासाठी जादूगाराला प्रेक्षकाच्या मुठीत नाणंच हवं आहे. तो म्हणतो, “यातलं एक उचला.” समोरच्याने नाणं उचललं तर, “छान, मुठीत घट्ट धरा.” किल्ली उचलली तर, “ती माझ्याकडे द्या, आणि उरलेलं नाणं तुमच्या मुठीत.” दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात, पण प्रेक्षकाला त्यातली एकच दिसते, म्हणून आपण मोकळेपणाने निवड केली असं त्याला मनापासून वाटतं. आता कल्पना करा, जादूगाराने सुरुवातीलाच सांगितलं असतं की तुम्ही जे उचलाल ते तुमच्याकडे राहील. मग किल्ली उचलली जाताच खेळ तिथेच संपला असता. नाणं तुमच्याच हातात येणार असं सांगितलं असतं, तर “उरलेलं” हा शब्द ऐकताच समोरच्याच्या भुवया वर गेल्या असत्या. या खेळात हाताची चलाखी शून्य आहे. सगळी जादू न सांगण्यात आहे. पत्त्यांच्या कितीतरी खेळांत असे दोन-तीन शेवट तयार ठेवलेले असतात, आणि त्यांतला कोणता दाखवायचा हे प्रेक्षक काय करतो यावर ठरतं. हुकलेला शेवट कुणाला कळतच नाही, कारण तो कधी जाहीर झालेलाच नसतो.

नाणं गायब करण्याच्या खेळात हीच गोष्ट काळाच्या अंगाने दिसते. जादूगार उजव्या हातातलं नाणं डाव्या हातात देतो, डावी मूठ मिटतो, त्यावर फुंकर मारतो, मूठ उघडतो, ती रिकामी. प्रेक्षकाच्या लेखी खेळ फुंकरीपाशी सुरू होतो. जादूगाराचं काम मात्र त्याच्या कितीतरी आधी आटोपलेलं असतं, नाणं डाव्या हातात गेल्यासारखं दिसलं त्या क्षणीच. फुंकर, मंत्र, मुठीकडे रोखलेली नजर ही सगळी काम झाल्यानंतरची सजावट आहे. “हे नाणं मी आता नाहीसं करतो” असं पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं, तर समोरच्या शाळकरी मुलीनेसुद्धा उजव्या हातावरून नजर हलू दिली नसती. शेवट झाकला की सुरुवातही झाकली जाते, आणि या धंद्यात सुरुवात झाकणं हेच जास्त मोलाचं असतं.

मानसशास्त्रज्ञांनी हा विषय बराच तपासला आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेद बिने याने १८९४ साली हातचलाखीच्या मानसशास्त्रावर लिहिलं. अलीकडचा अधिक नेमका प्रयोग गुस्ताव कून आणि बेन टॅटलर यांचा, २००५ सालचा. कून स्वतः जादूगारही आहेत. त्यांनी प्रेक्षकाच्या समोर बसून सिगारेट गायब केली, ती अशी की टेबलाच्या कडेवरून ती चक्क मांडीवर सोडून दिली. झाकायला मध्ये काहीच नव्हतं. पहिल्या वेळी बहुतेकांना ते दिसलंच नाही, आणि नजर नेमकी कुठे होती यावर दिसणं-न दिसणं अवलंबून नव्हतं, ते लक्ष कुठे होतं यावर ठरत होतं. गंमत पुढे आहे. काही जणांना सिगारेट गायब होणार हे आधी सांगितलेलं होतं, तरी पहिल्या फेरीत त्यांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. तोच खेळ दुसऱ्यांदा केल्यावर मात्र जवळपास सगळ्यांना ती पडताना दिसली. माझ्या मांडणीवर यातून सरळ आक्षेप निघतो. शेवट सांगूनही लोक फसत असतील, तर न सांगण्याचा एवढा बडेजाव कशासाठी?

आक्षेप गंभीर आहे, पण त्यानेच मुद्दा अधिक स्पष्ट होतो. नुसता शेवट कळून भागत नाही, शेवटाकडे जाणारी वाटही कळावी लागते. पहिल्यांदा पाहताना माणसाला शेवटाचं नाव माहीत असतं, पण तो कोणत्या बाजूने, कोणत्या क्षणी येणार हे माहीत नसतं. दुसऱ्या फेरीत ही दोन्ही माहिती हातात आलेली असते. म्हणून आधी सांगू नये आणि पुन्हा करू नये हे दोन वेगळे नियम वाटत असले तरी मुळात ते एकच आहेत. तोच खेळ पुन्हा करणं म्हणजे शेवट जाहीर करण्याचा सर्वांत पक्का मार्ग. १९२२ साली शिकागोत डाय व्हर्नन या तरुण जादूगाराने खुद्द हुदिनीला एक पत्त्याचा खेळ दाखवला. कोणताही खेळ तीनदा पाहिला की आपण तो ओळखतो, अशी हुदिनीची बढाई होती. त्याने स्वतःच्या आद्याक्षरांची सही केलेला पत्ता वरून दुसरा ठेवला जाई आणि लगेच वरचा होऊन निघे. व्हर्ननने खेळ पुन्हा पुन्हा केला आणि हुदिनी हरला. हे उदाहरण नियमाविरुद्ध दिलं जातं, पण ती हकिकत शंभर वर्षं सांगितली जाते याचं कारणच हे की असं क्वचित घडतं. तीनदा पाहून न पकडला जाणारा खेळ आणि तो करणारा हात दोन्ही दुर्मिळ. बाकीच्या सगळ्यांसाठी नियम आहे.

दुसरा आक्षेप असा की जादूगार शेवट नेहमीच लपवतात असं कुठे आहे? हुदिनी तर छाती ठोकून सांगायचा की या बेड्यांतून, या पेटीतून मी बाहेर पडणार. आपल्याकडचा गारुडीही कोय पुरायच्या आधीच सांगतो की इथं आंब्याचं झाड उगवणार. डोळ्यांवर पट्टी बांधून शहरातून मोटारसायकल चालवण्याची जाहिरात तर आठवडाभर आधीपासून होते. पण या खेळांत काम कुठे होतं ते पाहा. हुदिनी पडद्याआड असतो, कोय फडक्याखाली असते, पट्टीच्या आत काय आहे हे कुणाला दिसत नाही. जिथे काम चालतं तिथे नजरच पोचत नसेल, तर शेवट सांगून टाकायला जादूगाराची हरकत नसते, उलट सांगितल्याने ताण वाढतो. बंदुकीची गोळी झेलण्याच्या खेळात तर शेवट सांगितल्यावाचून धोका धोका वाटतच नाही. १९१८ च्या मार्चमध्ये लंडनला चुंग लिंग सू हा जादूगार याच खेळात गोळी लागून गेला. म्हणजे नियम मोडला जातो तो तिथेच, जिथे तपासणीचा रस्ता दुसऱ्या कशाने तरी बंद केलेला आहे. आणि रस्त्यावरच्या खेळात एक जाहीर शेवट असाही असतो जो कधी येतच नाही. साप-मुंगसाची लढाई लावतो, लावतो म्हणत गारुडी गर्दी धरून ठेवायचा, मधे दहा गोष्टी दाखवायचा, झोळी फिरवायचा, आणि लढाई राहूनच जायची. सांगितलेल्या शेवटाकडे डोळे लागलेले असले की बाकीचं सगळं निर्धास्तपणे करता येतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

शेवट माहीत असला तरी त्याची वेळ झाकता येते, हे ‘वॉटर ऑफ इंडिया’ या भारतीय जादूगारांच्या लाडक्या खेळात दिसतं. जादूगार भांडं पालथं करून पाणी ओततो, रिकामं झालं म्हणून बाजूला ठेवतो, मध्येच दुसरा खेळ संपवून परत येतो आणि त्याच भांड्यातून पुन्हा पाणी ओततो. असं कार्यक्रमभर चालतं. तिसऱ्या खेपेला हॉलातल्या लहान पोरालाही माहीत असतं की पाणी निघणार. तरी हशा पिकतो, कारण कधी निघणार हे माहीत नसतं. हा खेळ लोकप्रिय करणाऱ्या पी. सी. सरकारांनी (१९१३–१९७१) शेवट रोखून धरण्याची ताकद एकदा साऱ्या ब्रिटनला दाखवली. ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात त्यांनी दीप्ती डे या सहकारी तरुणीला फिरत्या करवतीखाली ‘कापलं’. ती हाकेला ओ देईना, आणि तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिंबलबी यांनी कार्यक्रम संपल्याचं सांगून टाकलं. लोकांनी बीबीसीला इतके फोन केले की यंत्रणा तुंबली. बाईला कापून जोडण्याचा खेळ लंडनकरांना १९२१ पासून, जादूगार पी. टी. सेल्बिटच्या काळापासून ठाऊक होता. शेवट काय असतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्या रात्री तो कुणी सांगितला नाही आणि दाखवलाही नाही, एवढ्यावर पस्तीस वर्षांची माहिती लोकांच्या डोक्यातून पुसली गेली. ड्यूक ऑफ यॉर्क थिएटरातल्या सरकारांच्या खेळांना त्यानंतर झुंबड उडाली.

तिसरा आक्षेप गोष्टींच्या बाजूने येतो. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या लेविट आणि क्रिस्टेनफेल्ड यांनी प्रसिद्ध केलं की शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना कमी नव्हे तर जास्त आवडल्या. आपल्याला हे परदेशातून शिकायची गरज नाही. दशावतारात संकासुर शेवटी मरणार हे सिंधुदुर्गातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं, तरी मांड हलत नाही. कीर्तनातलं आख्यान तर सगळ्यांच्या तोंडपाठ. मग जादूलाच शेवटाचं एवढं भय का? कारण गोष्टीत प्रेक्षकाला वाटेवरून चालायचं असतं, आणि ती वाट उघडी असते. शेवट माहीत असला तर वाटेवरचे बारकावे अधिक दिसतात. जादूत वाट बंद असते. प्रेक्षकाला द्यायला जादूगाराकडे शेवटाशिवाय काही नाही. तोही आधीच देऊन टाकला तर उरलेला वेळ माणूस बंद वाटेचं कुलूप शोधण्यात घालवतो. गोष्टीतलं बारकाईने पाहणं हे रसिकतेचं लक्षण, जादूत तेच बारकाईने पाहणं खेळ मोडतं.

चौथा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो माझ्या मूळ विधानाला उलटाच छेद देतो. शेवट आधी सांगितल्याने माणूस तपासनीस होतो असं मी म्हटलं, पण पुष्कळदा शेवट आधी सांगितल्याने माणसाला न घडलेलंही दिसतं. अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेटने १९०० साली शाळकरी मुलांसमोर चेंडू वर फेकला, झेलला, पुन्हा फेकला, आणि शेवटच्या वेळी नुसता फेकल्याचा आव आणला. जवळपास निम्म्या मुलांनी तो वर जाऊन नाहीसा झालेला ‘पाहिला’. वाइजमन आणि ग्रीनिंग यांनी २००५ साली दाखवलं की टेबलावर ठेवलेली वाकडी किल्ली अजून वाकते आहे असं नुसतं बोललं, तरी बऱ्याच जणांना ती वाकताना दिसते. आणि २१ सप्टेंबर १९९५ चा दिवस आपण कसा विसरू? गणपती दूध पितो ही बातमी सकाळी निघाली आणि दिवसभरात देशभरच्या देवळांपुढे रांगा लागल्या. गणपतीच्या मूर्तींना त्या दिवशी चमच्याने दूध पाजणारे हजारो हात होते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने ओघळून खाली जातं. ते ओघळताना दिसण्यासारखं होतं, पण पाहणाऱ्याला शेवट आधीच सांगितलेला होता.

तेव्हा शेवट सांगण्याचा परिणाम सांगणाऱ्यापेक्षा ऐकणारा कोणत्या मनाने आला आहे यावर ठरतो. श्रद्धेने आलेल्या माणसाला सांगितलेला शेवट दिसू लागतो. शंका घेऊन आलेला माणूस त्याच सांगण्याने तपासायला लागतो. जादूच्या तंबूत तिकीट काढून आलेला प्रत्येक जण शंका घेऊनच आलेला असतो, हे युक्तीचं आहे हे जादूगारही मान्य करतो आणि प्रेक्षकही. म्हणून त्याला शेवट झाकावा लागतो. बुवाला तो नियम लागत नाही, त्याच्यापुढे बसलेला माणूस आधीच मान तुकवून आलेला असतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी चमत्कारांचे प्रयोग करून दाखवतात. नारळातून आग निघते, आणि मग ते शांतपणे सांगतात की शेंडीत पोटॅशियम परमँगनेट होतं आणि वर टाकलेलं पाणी नव्हतं, ग्लिसरीन होतं. अशाने मुलांचा जादूतला आनंद जातो अशी तक्रार काही जादूगार करतात. मला ती पटत नाही. हे प्रयोग बुवाबाजीत वापरले जाणारे आहेत, आणि जो शेवट दैवी म्हणून विकला जातो त्याची वाट उघडी करणं आवश्यक आहे. जो मनोरंजन म्हणून विकला जातो त्याची वाट बंद राहिली तर कुणाचं काही बिघडत नाही.

विज्ञान तर शेवट आधी सांगण्यावरच उभं आहे. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रात फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या प्रत्येकी १०० पत्रिका जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते सांगायला सांगितलं. ४० पैकी किमान २८ बरोबर आल्या तरच यश, हे आधीच ठरवून दिलं. या चाचणीची सगळी ताकद त्या एका अटीत होती. निकाल लागल्यावर अर्थ लावायला, “आम्ही असं म्हटलंच नव्हतं” म्हणायला, दुसरा शेवट पुढे करायला जागाच उरली नाही. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास निघालं, म्हणजे नाणं उडवून मिळालं असतं त्याहून किंचित कमीच. बंद पाकिटातलं भाकीत उघडून दाखवणारा जादूगार नेमकी हीच चाचणी बाहेरून तंतोतंत रंगवतो, पण पाकीट आधी उघडत नाही. ज्योतिषी आणि बुवा “घरात काहीतरी अडचण येईल” असं मोघम बोलतात तेव्हा ते नाणं-किल्लीचाच खेळ खेळत असतात, फक्त तो खेळ आहे हे सांगत नाहीत.

बुवाबाजीविरुद्ध काम करणाऱ्या याच दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षं कैदेची आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पण कायदा फसवणूक झाल्यावर कामाला येतो, आणि त्याआधी करण्यासारखं काम रोहा-अष्टमीच्या कुठल्याही शाळेत करता येईल. वर्षातून एकदा चांगल्या जादूगाराला बोलवा, मुलांना पोटभर फसू द्या, आणि त्याला शेवट आधी विचारू नका. मग वर्गात त्यांना सांगा की कुणी भविष्य, उतारा किंवा दैवी शक्ती घेऊन दारात आला, तर त्याच्याकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्यायच्या: नेमकं काय होणार, कोणत्या तारखेपर्यंत होणार, आणि नाही झालं तर तो काय कबूल करणार. त्याने लिहून दिलं तर कागद जपून ठेवा. टाळलं तर पैसे देऊ नका.